दोन हवाई दलं आणि बदलापूरची जांभळं

मी माफी मागणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे त्या आशेवर कोणी शेवटपर्यंत वाचायला नको.

बेलवलीतल्या आमच्या सोसायटीत सध्या असं बोललं जातं की, तिसऱ्या मजल्यावरच्या श्यामकांत टिपणीसांनी दोन देशांची हवाई दलं एका सकाळी जमिनीवर खिळवून ठेवली. ही निव्वळ अतिशयोक्ती आहे. मी कोणालाही खिळवलेलं नाही. मी फक्त जांभळं पाठवली. पुढे जे झालं त्यात डॉक्टर होते, फ्रीज होता, एक स्टिकर होता आणि उल्हासनगरचा ठाकुरदास होता. पण नाव मात्र माझंच घेतलं जातं, कारण मी जिन्यात भेटतो.

इरा माझी भाची. तिच्या आईवडिलांच्या नोकऱ्या बदलीच्या, त्यामुळे शाळेची सगळी वर्षं ती आमच्याकडेच वाढली. आता हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट आहे. विमान उडवत नाही; विमानांना आणि माणसांना लागणारं सगळं वेळेवर पोचवायचं, इंधनापासून पोह्यांपर्यंत, हे तिचं काम. ती ज्या तळावर आहे तिथे दर वर्षी एका परक्या देशाचं हवाई दल सरावाला येऊन राहतं. देशाचं नाव मी सांगणार नाही. पेपरात छापून येत असेल, पण मी सांगणार नाही, तसा इराला शब्द दिलाय. तळाचंही नाव सांगणार नाही. पूर्वेला आहे आणि जवळच्या शहरात रसगुल्ले चांगले मिळतात, एवढ्यावर समाधान माना.

"पण त्यांना आपल्या घरी सराव करायला काय होतं?" मी तिला विचारलं होतं.

"मामा, त्यांचा देश एवढासा आहे. विमान उडालं आणि वळायला जरा उशीर झाला की शेजारच्या देशात जातं. म्हणून इथे येतात. विमानं त्यांची, मेकॅनिक त्यांचे, डॉक्टरसुद्धा त्यांचा. धावपट्टी आणि आभाळ आपलं."

मला हे लगेच पटलं. आमच्या पार्किंगमधून गाडी वळवायची तर समोरच्या सोसायटीच्या फाटकात तोंड घालावं लागतं, त्यामुळे लहान देशांची अडचण आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. शिवाय बाहेरून आलेल्यांची सोय करण्याचा बदलापूरचा अनुभव जुना आहे. सुरतेकडे जाणारं सैन्य इथे घोडे बदलायचं, म्हणून बदलापूर, असं आमच्याकडे सांगतात. इतिहासकारांचं म्हणणं वेगळं असेल. त्यांनी आपापल्या गावाचं बघावं.

तर एका रविवारी इराचा फोन आला आणि बोलता बोलता तिने सांगितलं की मेसमध्ये जेवताना पाहुण्यांच्या कमांडरने प्रत्येकाला तुझं गाव कुठलं म्हणून विचारलं. ही म्हणाली, बदलापूर. ते कुठे, असं त्याने विचारलं. हिने तोंड उघडायच्या आत शेजारचा एक अधिकारी म्हणाला, "मुंबईजवळ."

"आणि तू गप्प बसलीस?" मी म्हणालो.

"मग काय सांगू मामा? त्यांना कसं कळणार?"

मुंबईजवळ! हे ऐकून माझं डोकंच फिरलं. जन्म या गावात गेला आणि जन्मभर हेच ऐकतोय. दिल्लीला विचारलं तरी मुंबईजवळ, पुण्याला विचारलं तरी मुंबईजवळ. अहो, आम्ही स्वतः कुठेतरी असू की नाही? आम्हाला नदी आहे, धरण आहे, जुनं गाव आहे, आणि भौगोलिक मानांकन मिळालेलं जांभूळ आहे. मुंबईला एका तरी फळाचं मानांकन आहे का? मी इराला विचारलं, पाहुणे परत कधी जाणार. ती म्हणाली, शेवटचा मोठा सराव पुढच्या रविवारी सकाळी, दोन्ही देशांची विमानं जोडीने उडणार. त्याच्या आदल्या संध्याकाळी मेसमध्ये निरोपाचं जेवण.

"त्या जेवणाला बदलापूरची जांभळं येतील," मी म्हणालो. "त्या तुझ्या शेजारच्याला सांगून ठेव."

तिने खरंच सांगितलं. नुसत्या त्याला नाही, सगळ्या मेसला. लहानपणापासून तिला एक खोड आहे, मामा बोलला की ते होणारच असं तिला वाटतं. फोन ठेवल्यावर कुमुदिनी, म्हणजे आमची पत्नी, म्हणाली, "अहो, जांभूळ दुसऱ्या दिवशी मलूल पडतं. तुम्ही देशाच्या दुसऱ्या टोकाला कसं पाठवणार?" मी म्हणालो, बघू. लग्न झाल्यापासून या शब्दाचा अर्थ तिला ठाऊक असल्यामुळे ती उठून स्वयंपाकघरात गेली.

बदलापूर गावात गोदू म्हणून एक बाई आहे. स्वतःची झाडं आहेत आणि जीभ त्याहून मोठी. मी तिला सांगितलं, चांगली हवीत, बाहेरच्या देशाच्या विमानवाल्यांना पाठवायचीत.

"इमानवाल्यांना?" ती म्हणाली. "मंग त्यांना सांगा, हतंच येऊन खावा. रस्त्यानं नेलीत तं रस व्हईल त्याचा."

"पण पाठवायचीच आहेत."

"मना काय! पण वाटंत सडली तं गोदूच्या झाडाचं नाव सांगू नका. सांगा, शेजारच्या वाडीतली हुती."

माझ्या मोहिमेवर इतका विश्वास दाखवणारी ती पहिली. दुसरे आमचे चेअरमन देवदत्त सबनीस. हे अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे संरक्षणाला लागणारा कसलातरी सुटा भाग तयार व्हायचा. कसला ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे सोसायटीत संरक्षणविषयक सर्व बाबी त्यांच्याकडे जातात. सीमेवर काही झालं की लोक गच्चीत त्यांच्याभोवती जमतात आणि ते "बघा, मी बोलू शकत नाही" असं म्हणत तासभर बोलतात.

"टिपणीस," ते आवाज खाली आणून म्हणाले, "लष्करी तळाचा पत्ता तुम्ही कुरिअरवाल्याला देणार? शत्रू अशीच माहिती गोळा करतो."

"शत्रू जांभळांच्या मागावर कशाला येईल?"

"तेच तर तुम्हाला कळत नाही," ते म्हणाले आणि विषय गोपनीय झाला.

दुसऱ्या मजल्यावरच्या माधवी कर्णिकांचं म्हणणं पडलं की जांभळांचं सरबत करून पाठवा. तळमजल्यावरून सूचना आली, मिठाच्या पाण्यात बुडवा. एकाने बियांची पावडर सुचवली, ती म्हणे मधुमेहाला चांगली. तरुण, धडधाकट वैमानिकांना निरोपाच्या जेवणात मधुमेहाची पावडर वाढावी ही कल्पना आमच्याच सोसायटीत सुचू शकते. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पोस्टात गेलो.

पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "आत काय?"

"जांभळं."

"नाशवंत घेत नाही."

"मानांकन मिळालेली आहेत."

"मानांकन मिळालेलं नाशवंतही घेत नाही." त्यांनी पत्ता वाचला आणि चष्मा वर केला. "हे तर लष्कराचं दिसतंय. आत नक्की काय आहे?"

मी पुन्हा जांभळं म्हणालो. आता मागच्या रांगेतले लोकही माझ्याकडे बघायला लागले. कुरिअरवाल्या पोराने तर "काका, ज्यूस लीक हुआ तो बाकी पार्सल की वाट लगेगी, तुम्ही ट्रेनने पाठवा ना कोणाबरोबर" असं म्हणून मला वाटेला लावलं. बँकेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांना "हे चालणार नाही" असं सांगण्यात गेली होती. तेच ऐकून घेताना किती लागतं हे त्या सकाळी कळलं, पण मागे हटलो नाही.

वाट काढली ती माधवीबाईंनीच. त्यांचा जावई अभिजीत शनिवारी पहाटेच्या विमानाने कंपनीच्या कामासाठी रसगुल्ल्यांच्या शहरात निघाला होता. तिथून तळाच्या गाडीने पेटी घेऊन जायची, असं इराने ठरवलं. अभिजीतची अट एकच.

"काका, डबा सॉलिड पाहिजे. माझ्या लॅपटॉपवर एक थेंब जरी पडला ना, तर मी खिडकीतून बाहेर टाकीन."

विमानाची खिडकी उघडत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. जावई दुसऱ्याचा होता.

सॉलिड डबा म्हणजे उल्हासनगर. तिथे ठाकुरदास नावाचा एक सिंधी व्यापारी थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या पेट्या विकतो. मला बघताच म्हणाला, "आओ साईं, बसा बसा. काय पायजे, मच्छी का आइस्क्रीम?"

"जांभळं."

"अरे वा! तो फिर ये देखो." त्याने आतून एक निळी, जाड भिंतींची, पट्टा आणि कडी असलेली पेटी काढली. "सेकंड हँड आहे, पण लोहा आहे लोहा. दवाखान्यातून आली. बरफ टाका, दो दिन विसरून जावा. नवी घेशील तर ती अशी नाय टिकणार, मीच सांगतो तुला."

पेटी खरोखरच भक्कम होती. झाकणावर मात्र मोठा लाल स्टिकर होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: लस, तातडीचे, थंड ठेवा, आडवे करू नका. घरी आल्या आल्या कुमुदिनी नखाने तो खरवडायला बसली.

"असू दे," मी म्हणालो.

"अहो, आत जांभळं आणि वर लस? कोणाचा काही गैरसमज झाला म्हणजे?"

"व्हायलाच पाहिजे. नुसती जांभळं म्हटलं की लोक आपटतात. लस म्हटलं की दोन हातांनी धरतात. आणि त्यात खोटं काय आहे? तातडीचं आहे, थंड ठेवायचं आहे, आडवं करायचं नाही."

तिने एक कोपरा खरवडला होता तेवढाच. या साऱ्या प्रकरणात माझ्याकडून चूक म्हणावी अशी ही एकच गोष्ट घडली, आणि तीही माझ्या हुशारीमुळे घडली, हे कृपया लक्षात घ्यावं.

शुक्रवारी संध्याकाळी गोदूने जांभळं दिली. देठासकट, एकेक हाताने तोडलेली, टपोरी, त्यांच्यावर धुक्यासारखी साय. मला कसली तरी हुरहुर वाटायला लागली. इरा लहान असताना याच झाडांखाली फ्रॉकचा ओचा करून उभी राहायची आणि घरी येऊन मामीला जीभ दाखवायची. कुमुदिनीने जांभळाचीच पानं घालून थर लावले, मध्ये बर्फाच्या पिशव्या ठेवल्या आणि झाकण लावताना काहीतरी पुटपुटली.

पहाटे अभिजीतचा विमानतळावरून फोन आला. "काका, कमाल झाली! स्टिकर बघून मला रांगेत पुढे घेतलं. उघडून बघितलं, हसले, पण पेटी माणसासारखी सांभाळून दिली." मी फोन मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवून कुमुदिनीला ऐकवला. दुपारी पेटी तळाच्या गाडीत गेल्याचाही निरोप आला. संध्याकाळी मी बाहेरचा सदरा घालून गॅलरीत बसलो, जसा काही मीच त्या जेवणाला जाणार होतो.

फोन आला नाही. जेवणाची वेळ झाली, टळली, मग इराचा निरोप आला: "मामा, पेटी आलीच नाही."

फाटकापर्यंत आली होती, पुढे कुठे गेली कोणाला माहीत नव्हतं. जेवणात रसगुल्ले होते. शेजारच्या त्या अधिकाऱ्याने म्हणे सगळ्यांसमोर विचारलं, "तुझी ती जांभळं कुठे आहेत, मुंबईजवळ?" आणि सगळे हसले. पाहुणेसुद्धा. हे वाचलं आणि मी जेवणावरून उठलो. पोरीने माझ्या भरवशावर शब्द दिला होता आणि माझ्यामुळे चारचौघांत तिचं हसं झालं होतं.

पेटी कुठे होती? जिथे जायला हवी होती तिथेच होती. फाटकावरच्या शिपायाने स्टिकर वाचला, तातडीचं आहे म्हणून धावत दवाखान्यात नेली, आणि तिथल्या माणसाने ती पाहुण्यांच्या डॉक्टरच्या लसींशेजारी फ्रीजमध्ये ठेवून रजिस्टरला नोंद केली: लस, एक पेटी. सबंध देशात आपलं काम इतकं चोख करणारी दोन माणसं, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला यावीत!

रविवारी सकाळी इराने दवाखान्यातून पेटी शोधून काढली. फ्रीजमध्ये राहिल्यामुळे जांभळं जशीच्या तशी होती, उलट जास्तच गोड लागत होती. सरावाआधीचा नाश्ता चालू होता. तिने सरळ टेबलावर परात ठेवली. मला निरोप आला: "मामा, तुटून पडलेत! कमांडर तिसऱ्यांदा घेतोय!" मी गॅलरीतून खाली चालणाऱ्या सबनीसांना हाक मारून सांगितलं. बोलून चालून माणूस आहे, राहवलं नाही.

त्यानंतर तिचा फोन बंद.

झालं होतं असं. उड्डाणाआधी वैमानिकांची तपासणी असते. पाहुण्यांचा डॉक्टर काटेकोर माणूस. त्याच्या देशात बहुतेक जांभूळ होत नसावं, किंवा त्याने खाल्लं नसावं. त्याने पहिल्या वैमानिकाला तोंड उघडायला सांगितलं. जीभ जांभळी. दुसऱ्याची जांभळी. कमांडरची तर जीभ, ओठ, दातसुद्धा. ओठ-जीभ निळीजांभळी होणं म्हणजे शरीराला प्राणवायू कमी पडणं, हे त्याला शिकवलेलं. कशाने झालं असेल म्हणून तो फ्रीजकडे धावला, तर रजिस्टरमध्ये लसीची एक अनोळखी पेटी जमा आणि फ्रीजमध्ये ती नाही. विचारलं, कुठे गेली? दवाखान्यातला माणूस म्हणाला, नाश्त्याला नेली.

त्याने तिथल्या तिथे आपली सगळी विमानं थांबवली. जोडीचा सराव, त्यामुळे आपलीही थांबली. आपला डॉक्टर "जामुन, जामुन" असं ओरडून सांगत होता, पण पेटीवर इंग्रजीत लस लिहिलेलं होतं, आणि छापलेल्या इंग्रजीपुढे ओरडलेलं हिंदी चालत नाही.

इकडे आमच्या सोसायटीत, तळाच्या गाडीवाल्याकडून अभिजीतमार्फत, एवढंच पोचलं की वैमानिकांच्या जिभा जांभळ्या झाल्या म्हणून सराव थांबलाय आणि कारण बदलापूरहून आलेली पेटी आहे. सबनीसांनी तातडीची सभा बोलावली.

"टिपणीस, प्रकरण दोन देशांमधलं आहे," ते म्हणाले. "चौकशी इथपर्यंत येईल. मी या क्षेत्रातला आहे, मला माहीत आहे. तुम्ही आजच माफीनामा लिहून द्या. त्यात सोसायटीचा संबंध नाही हेही लिहा."

"आणि अभिजीतचं नाव नको," माधवीबाई म्हणाल्या. "त्याचं प्रमोशन आहे."

मी उठून उभा राहिलो. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? चौकशीचं मला काही वाटत नव्हतं. तिकडे इरा एकटी साहेबांसमोर उभी असेल, तिच्या नोकरीला माझ्या हुशारीचा डाग लागेल, ही भीती होती. पण सबनीसांसमोर मी म्हणालो, "ज्या रंगाला आम्ही या फळाचं नाव दिलंय, त्या रंगाची कोणाला भीती वाटली तर तो फळाचा दोष नाही. मी विष पाठवलं नाही, सडकं पाठवलं नाही. माफी कसली? लिहिणार नाही. करा काय करायचं ते."

तेवढ्यात कुमुदिनी म्हणाली, "आणि पेटी मी भरली होती. माझंही नाव घ्या." इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझी अशी बाजू पहिल्यांदाच घेतली. घरी आल्यावर स्टिकरवरून तासभर बोलली, ते वेगळं.

दुपार उलटल्यावर इराचा फोन आला.

"ओरडले का गं?" मी विचारलं.

"ओरडले मामा. दोन्ही देशांचे साहेब समोर बसले होते. काय प्रकार आहे म्हणाले. मी परात मागवली, उरलेल्यातली मूठभर तोंडात टाकली, चावली आणि जीभ काढून दाखवली."

"साहेबांना?"

"सगळ्यांना. मग त्यांच्या डॉक्टरने स्वतः एक खाल्लं. आरसा मागवला. बराच वेळ स्वतःची जीभ बघत होता. मग दुसरं खाल्लं. दुपारी झाला सराव, सगळी विमानं उडाली."

"आणि तुझं काय?"

"ताकीद मिळाली. मी सॉरी म्हटलं मामा. पण स्टिकरसाठी म्हटलं. जांभळांसाठी नाही."

मी हाताने कुमुदिनीला जवळ बोलावलं आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"आणि ऐका ना," ती म्हणाली, "ब्रीफिंग रूममध्ये नवी सूचना लागलीय. दोन्ही हवाई दलांसाठी. उड्डाणाच्या दिवशी तपासणी होईपर्यंत बदलापूरची जांभळं खाऊ नयेत. त्यांचा कमांडर एक प्रत घरी घेऊन चाललाय, त्यांच्या तळावर लावायला. आणि पुढच्या वर्षी जेवणाला वेळेवर पाठवा म्हणालाय."

मी खुर्चीत सावरून बसलो. "इरा, नीट वाचून सांग. बदलापूरच्या पुढे काही लिहिलंय? कंसात वगैरे? मुंबईजवळ असं?"

"नाही मामा. नुसतं बदलापूर."

"शेजारच्याला दाखवलंस?"

"त्याच्याकडूनच टाइप करून घेतलं."

खाली पार्किंगमध्ये सबनीस येरझाऱ्या घालत होते. मला गॅलरीत बघून थांबले आणि मान वर करून म्हणाले, "काय टिपणीस, माफीनामा झाला का तयार?"

गोदूने दिलेल्यातली थोडी जांभळं कुमुदिनीने घरी काढून ठेवली होती. मी वाटी घेतली, त्यातली चार-पाच एकदम तोंडात टाकली, निवांत चावली, बिया गिळल्या नाहीत. मग कठड्यावरून वाकलो आणि बासष्टाव्या वर्षी, भर दिवसा, सोसायटीच्या चेअरमनना पूर्ण जीभ काढून दाखवली.